अमेरिकेच्या अनुदानावरचा एफर्ट रिपोर्ट: टक्के कशाचे धरायचे?

खानापूर_लेखा
नमस्कार. बेळगावातल्या एका कॉलेजच्या संशोधन विभागाचं हिशेबाचं काम माझ्याकडं नुकतंच आलंय. एका अमेरिकन विद्यापीठाला एनआयएचचं (अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) अनुदान आहे. त्यातला खानापूर आणि हुक्केरी तालुक्यातला फिल्डचा भाग सबअवॉर्ड म्हणून, म्हणजे त्यांच्या अनुदानातला हिस्सा म्हणून, आमच्याकडं आहे. पगार महिन्याला होतो, इन्व्हॉइस तीन महिन्यांनी जातं. आता त्यांच्या ऑफिसचा मेल आलाय: जानेवारी ते जून, सगळ्यांचे एफर्ट रिपोर्ट (कुणाचा किती टक्के वेळ कुठल्या कामाला गेला त्याचा कागद) सह्यांसकट पाठवा.

माणसं अशी. पीआय (प्रकल्पाचे मुख्य संशोधक) सर कॉलेजात प्रोफेसर, बजेटात १० टक्के. को-ऑर्डिनेटर मॅडम ५० टक्के. चार फिल्ड इन्व्हेस्टिगेटर, प्रत्येकी ५० टक्के. त्यांचा उरलेला वेळ आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एका प्रकल्पावर आणि कॉलेजच्या कामात जातो. डेटा एन्ट्रीला एकजण, १०० टक्के. शिवाय गावोगावच्या आशा ताई.

१. टक्के कशाचे? ८ तासांच्या दिवसाचे, की माणूस जेवढं काम करतो तेवढ्याचे?
२. बजेटातलेच टक्के लिहिले तर काय बिघडतं? पगार तर तेवढाच टाकलाय.
३. सही कुणाची? पोरं हजेरी कन्नड-मराठीत लिहितात, ते चालेल का?
४. पीआय सरांना प्रकल्पातून महिना १५,००० मानधन द्यायचं ठरलंय, कॉलेजचा पगार वेगळा. ते कुठं दाखवायचं?
५. आशा ताईंचा रिपोर्ट लागतो का?

चिकोडीकर
एवढं डोकं लावू नका. बजेटात आहे तेच भरा, सरांची एक सही घ्या, पीडीएफ करून पाठवा आणि मोकळं व्हा. सगळीकडं असंच चालतं.

हिशेबी_टिळकवाडी
चिकोडीकर, असं सांगू नका की. नेमकं हेच नियमानं नाकारलंय.

पगाराच्या नोंदींचा नियम म्हणजे अमेरिकेच्या संघीय नियमावलीतलं कलम, २ सीएफआर २००.४३०. २६ डिसेंबर २०१४ पासून तो लागू आहे, त्याआधी विद्यापीठांना ए-२१ नावाचं परिपत्रक होतं. जुन्या करारात ४५ सीएफआर ७५ दिसलं तर गोंधळू नका, त्यांच्या आरोग्य खात्यानं तेच नियम त्या आकड्याखाली घेतले होते. तिथं लिहिलंय की काम होण्याआधी बांधलेला अंदाज एवढाच पुरावा धरता येत नाही. दर महिन्याला पगार टाकायला अंदाज वापरा, हरकत नाही. पण काम झाल्यावर खरं काय झालं ते ताडायचं आणि फरक निघाला तर खात्यात दुरुस्त करायचा. हे ताडणं कागदावर आलं की त्याला एफर्ट रिपोर्ट म्हणायचं. बजेटाची नक्कल उतरवली तर ताडलं काय?

ऑडिटरलाही ते लांबून दिसतं. पाच माणसं, सहा महिने, सगळ्यांपुढं ५०. एकाचे ४७ नाहीत, एकाचे ५६ नाहीत. कॉलेजात नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) टीम आली त्या महिन्यात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे फायली लावत होते, आणि डेटा एन्ट्रीवाला मात्र कागदावर १०० टक्के प्रकल्पावर! असला एक महिना सापडला की पुढचे पाच महिनेही कुणी खरे मानत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. टक्के त्या माणसाच्या एकूण कामाचे, म्हणजे ज्या-ज्या कामाबद्दल कॉलेज त्याला पगार देतं त्या सगळ्याचे. ४० तास, ४८ तास, ८ तासांचा दिवस, हे काहीच खाली, म्हणजे भागायला, घ्यायचं नाही. को-ऑर्डिनेटर मॅडम आठवड्याला ५४ तास राबतात आणि त्यातले २७ या प्रकल्पाचे, तर ५० टक्के. २७ ला ४० नं भागून ६७.५ लिहिलं तर चुकलं. कुणाची नेमणूकच आठवड्याला ३० तासांची असेल आणि १५ तास प्रकल्पाला जात असतील तर तेही ५० टक्केच. उसाच्या हंगामात घरची माणसं दिवसा भेटत नाहीत म्हणून पोरं रात्री आठला किंवा रविवारी मुलाखत घेऊन येतात, ते काम वर (प्रकल्पाच्या तासांत) आणि खाली (एकूण तासांत) दोन्हीकडं धरा. डॉक्टर संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसतात तो वेळ मात्र कुठंच धरायचा नाही, कारण त्याचा पगार कॉलेज देत नाही.

बेरीज १०० च, वर कधी जात नाही. त्यात शिकवणं, ओपीडी, परीक्षेची ड्युटी, नॅक, एथिक्स कमिटीच्या बैठका, सगळं आलं. नव्या अनुदानाचा प्रस्ताव लिहायला घातलेला वेळही 'कॉलेजचं काम' मध्ये जातो, चालू प्रकल्पावर टाकता येत नाही. म्हणून शिकवणारा प्रोफेसर १०० टक्के एका अनुदानावर दिसला की भुवया उंचावतात. अमेरिकेत येल विद्यापीठानं २००८ मध्ये ७६ लाख डॉलर भरून तडजोड केली, त्यातला एक आरोप हाच होता: उन्हाळ्याचा पगार अनुदानातून, १०० टक्के म्हणून सही, आणि त्याच वेळात दुसरी कामं चालू. नॉर्थवेस्टर्नची २००३ ची ५५ लाख डॉलरची तडजोडही एफर्टच्या आकड्यांवरूनच झाली. दोन्हीकडं पैसे खिशात घातल्याचा विषय नव्हता, कागद आणि काम जुळत नव्हतं एवढंच.

एका-दोन महिन्यांच्या चढउताराला घाबरू नका. महिना ६१ टक्के, पुढचा ४२, हे नियमाला मंजूर आहे, लांबच्या मुदतीत वाटणी रास्त बसली म्हणजे झालं. अनेक विद्यापीठं सहामाहीत ५ टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात. हा ५ चा आकडा नियमात नाही, ज्या-त्या संस्थेच्या धोरणात असतो. तुमच्या कॉलेजचं असं लेखी धोरण नसेल तर आधी तेच करा, दोन पानांचं पुरे: मुदत किती महिन्यांची, कुणी भरायचं, कुणी सही करायची, किती दिवसांत, फरक किती चालेल, दुरुस्ती कशी. धोरण नसताना ५ टक्के सोडले तर 'हे कुणी ठरवलं?' याला उत्तर नसतं.

सही. माणसाची स्वतःची, किंवा त्याचं काम डोळ्यानं बघणाऱ्याची. हिशेब विभागातल्या कुणीही करायची नाही, पगारपत्रक हातात असलं तरी. फिल्डच्या चौघांची स्वतःची सही आणि खाली को-ऑर्डिनेटर मॅडमची, ही जोडी चांगली. पीआय सरांची त्यांनीच करायची. आणि तारीख मुदत संपल्यानंतरची. ३० जूनपर्यंतच्या कामावर २० जूनची सही आली की तो पुन्हा अंदाज झाला. एकाच दिवशी, एकाच पेनानं सातजणांच्या सह्या हेही टाळा.

भाषा: रोजची नोंद कन्नडात असो, मराठीत असो, पोरांना जी नीट लिहिता येते ती. रिपोर्टाचा नमुना मात्र इंग्रजीत ठेवा, कारण तिकडं वाचणारा इंग्रजीच वाचणार. रकान्यांची नावं खाली कन्नड-मराठीत छापा, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशाखाली सही करतोय ते कळेल.

आशा ताई कॉलेजच्या नोकरीत नाहीत, त्यांना कामागणिक रक्कम मिळते. एफर्ट रिपोर्ट नको. व्हाउचर, कामाची यादी आणि रक्कम पोचल्याचा पुरावा ठेवा. फॉर्मामागं दर ठरवून काम करणाऱ्यांचंही तसंच.

संशोधन_डेस्क
वरच्या उत्तरात चौथा प्रश्न राहिला आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा तोच आहे.

आपल्याकडच्या अनुदानांत पीआयला मानधन ही सवयीची गोष्ट. अमेरिकन संघीय पैशात तसं नाही. त्यांच्या हिशेबात 'बेस सॅलरी' म्हणजे कॉलेज त्या माणसाला त्याच्या सगळ्या कामाबद्दल वर्षाला जे देतं ते. शिकवणं, संशोधन, रुग्णसेवा, सगळं त्यातच आलं. प्रकल्पानं त्या पगाराचा आपला हिस्सा उचलायचा, वर वेगळा थर चढवायचा नाही.

आकड्यात सांगायचं तर, सरांचा पगार समजा महिना १,८०,०००. १० टक्के एफर्ट म्हणजे प्रकल्पावर १८,००० पडतात. सरांच्या हातात पूर्वीसारखेच १,८०,००० येतात, फक्त त्यातले १८,००० प्रकल्प भरतो आणि १,६२,००० कॉलेज. कॉलेजचे जे वाचले त्यातून गेस्ट लेक्चरर लावा, हवं ते करा. पण १,८०,००० अधिक १५,००० असं दिलं तर ते १५,००० अग्राह्य ठरतात, कारण सरांच्या वेळेचे पैसे आधीच पूर्ण दिले गेलेत. अनुदान आलं म्हणून त्यांचा मूळ पगार वाढवून घेणं हाही त्याच आजाराचा दुसरा प्रकार.

अपवाद आहे, पण अरुंद. काम दुसऱ्या विभागासाठी किंवा वेगळ्या, दूरच्या ठिकाणी असेल, नेहमीच्या कामाच्या वर असेल, आणि अवॉर्डात (अनुदानाच्या मंजुरीत) स्पष्ट लिहिलेलं किंवा लेखी मंजूर झालेलं असेल, तर जादा मोबदला बसू शकतो. स्वतःच्याच विभागातल्या, स्वतःच्याच प्रकल्पावर पीआयला तो बसवायला जाऊ नका. 'ठरलंय' म्हणताय म्हणजे अजून दिलेलं नसावं. इन्व्हॉइसात टाकायच्या आधी थांबवा.

सरांबद्दल अजून दोन गोष्टी. बजेटात कधीकधी '१० टक्के, पगार शून्य' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कॉलेजनं तो वेळ फुकट द्यायचं कबूल केलंय. पैसे मागितले नाहीत तरी ते १० टक्के रिपोर्टात दाखवावेच लागतात. 'गरजेप्रमाणे' असा एफर्ट पीआयला चालत नाही, शून्यही नाही.

दुसरी गोष्ट, वेळ घटवायची मर्यादा. पीआय किंवा अवॉर्डाच्या पत्रात नाव असलेला माणूस मंजूर एफर्टमधून २५ टक्के किंवा जास्त कमी करणार असेल, किंवा सलग तीन महिने वा जास्त दूर राहणार असेल, तर आधी परवानगी लागते. तुम्ही प्राइमला (मूळ अनुदान ज्यांना मिळालंय त्या अमेरिकन विद्यापीठाला) लिहायचं, प्राइम एनआयएचला. इथं लोक चुकतात ते २५ टक्के म्हणजे काय यात. ते मंजूर आकड्याचे २५ टक्के. १० चे ७.५ झाले की मर्यादा गाठली. एनआयएच हे पर्सन-मंथमध्ये, म्हणजे वर्षातल्या किती महिन्यांचं पूर्ण काम यात, मोजतं: १० टक्के म्हणजे वर्षाला १.२ महिने, ७.५ टक्के म्हणजे ०.९. को-ऑर्डिनेटर मॅडमचे ५० टक्के म्हणजे ६ महिने. वार्षिक प्रगती अहवालात पीआयबरोबर, ज्यांनी वर्षात किमान एक पर्सन-मंथ काम केलं अशा प्रत्येकाचं नाव आणि महिने जातात. ते आकडे आणि एफर्ट रिपोर्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत. बऱ्याचदा अहवाल पीआय लिहितात, रिपोर्ट तुम्ही करता, आणि दोघं एकमेकांचा कागद बघतच नाहीत.

फिल्ड_रजिस्टर
चारही इन्व्हेस्टिगेटर दोन प्रकल्पांवर फिरतात म्हणताय, तर सहामाहीच्या शेवटी 'अंदाजे किती?' असं विचारून काही हाती लागणार नाही. मार्चमधला कुठला दिवस कनकुंबीत गेला आणि कुठला संकेश्वरात, हे जुलैत कुणाला आठवतंय?

एका महिन्याला एक ए-फोर कागद. ३१ ओळी. रकाने: तारीख, गाव किंवा आरोग्य केंद्र, सकाळचा कोड, दुपारचा कोड, रजा, सही. कोड तीनच: 'अ' एनआयएच, 'आ' आयसीएमआर, 'क' कॉलेज. अर्धा दिवस हे सगळ्यात लहान माप. तास-मिनिटं लिहायला लावली की पोरं मनानं भरतात. शनिवारी दुपारी आठवडा पूर्ण करून सुपरवायझरची सही घ्यायची. महिनाअखेरीस बसून एका बैठकीत भरलेला कागद ओळखू येतोच, शाई एक, अक्षराचा कल एक, एकही खाडाखोड नाही.

प्रवासाचा वेळ ज्या प्रकल्पासाठी निघाले त्याचा. एकाच गावात दोन्हीची कामं केली तर सकाळ-दुपार वाटा. सोमवारची सगळ्यांची बैठक एका प्रकल्पावर ढकलू नका, जेवढी चर्चा ज्याची तेवढं. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या घाटाकडच्या पट्ट्यात पावसानं फिल्ड थांबतं आणि पोरं ऑफिसात फॉर्म तपासत बसतात, तेव्हा कोड फिल्डच्या वेळापत्रकावरून न लिहिता हातात फॉर्म कुणाचे आहेत ते बघून लिहायचा.

हिशेब असा. समजा जूनमध्ये कामाचे २५ दिवस, २ दिवस रजा, म्हणजे काम २३ दिवस. 'अ' १४, 'आ' ६, 'क' ३. पगार २४,०००. रजेचे दिवस वेगळे ठेवायचे नाहीत, ते त्याच प्रमाणात सगळ्यांवर वाटले जातात, म्हणून भागायचं २३ नं.
'अ': २४,००० × १४ ÷ २३ = १४,६०९
'आ': २४,००० × ६ ÷ २३ = ६,२६१
'क': २४,००० × ३ ÷ २३ = ३,१३०
पीएफचा मालकाचा हिस्सा १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के धरत असाल तर १,८००, त्यातले 'अ' वर १,०९६. पगार २१,००० च्या वर असल्यानं ईएसआय नाही. रजा सगळी 'अ' वर टाकायची ही फार जुनी खोड, कारण तिथं पैसे असतात. तसं करू नका.

तपासणारा हा कागद एकटा बघत नाही. बायोमेट्रिक हजेरी, रजेचं रजिस्टर, जीपचं लॉगबुक, टीए बिल आणि टॅबलेटवर फॉर्म भरल्याची वेळ, एवढं शेजारी ठेवतो. १२ तारखेला कागदावर 'अ' आणि टॅबलेटमध्ये त्याच माणसानं आयसीएमआरचे नऊ फॉर्म भरलेत, असं निघालं की संपलं. तुम्हीच आधी दर महिन्याला कुठलेही तीन दिवस काढून हे पाचही कागद लावून बघा.

आयसीएमआरच्या बाजूनंही बघा. तिथं एखादं पद पूर्णवेळ मंजूर असेल आणि पूर्ण पगार तिथून निघत असेल, तर त्याच माणसाचे ५० टक्के इकडं लावणं म्हणजे एका दिवसाचे दोनदा पैसे. नेमणुकीचं पत्र काढून वाचा. जेआरएफसारख्या पूर्णवेळ फेलोशिपवाल्याला तर या तक्त्यात आणूच नका.

संशोधन_डेस्क
एक दुरुस्ती, म्हणजे मतभेदच म्हणा. रोजचा तक्ता फिल्डच्या पोरांना ठीक, पण पीआय सरांना तो लावू नका. विद्यापीठात शिकवणं, संशोधन, सेवा एकमेकांत मिसळलेलं असतं, तिथं अचूक मोजमाप शक्य नाही आणि अपेक्षितही नाही, हे नियमातच मान्य केलंय. टाइमशीटची सक्तीही त्यात नाही. २०१४ नंतर तर 'एफर्ट रिपोर्ट' हा ठरावीक नमुनाही बंधनकारक राहिला नाही, अंतर्गत नियंत्रण भक्कम पाहिजे एवढंच. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी, उदाहरणार्थ यूसी अर्व्हाइन आणि जॉर्ज मेसन यांनी, माणसागणिक रिपोर्ट सोडून प्रकल्पागणिक पगारयादीवर पीआयची सही, अशी पद्धत प्रयोग म्हणून चालवून बघितली.

फिल्ड_रजिस्टर
मान्य, प्रोफेसरांना सहामाहीचा एक आकडा पुरे. पण खानापूरकरांच्या प्राइमनं माणसागणिक सह्या मागितल्यात. सबअवॉर्डात प्राइम जे मागेल ते द्यावं लागतं, नियम कितीही सैल असला तरी. आणि दिवसागणिक प्रकल्प बदलणाऱ्या माणसाला तक्त्याइतका सोपा दुसरा पुरावा मला तरी माहीत नाही.

खानापूर_लेखा
मानधनाची फाइल थांबवली. आता एक अडचण निघाली. डेटा एन्ट्रीवाल्याला फेब्रुवारीत तीन आठवडे नॅकच्या कामाला घेतलं होतं. २४ पैकी १८ दिवस. त्याचा पगार १८,००० पूर्ण प्रकल्पावर पडला, इन्व्हॉइस गेलं, पैसेही आले. एक महिना चढउतार चालतो म्हणालात, मग सोडून देऊ का?

हिशेबी_टिळकवाडी
नको. चढउतार चालतो तो पुढं-मागं भरून निघतो म्हणून. १०० टक्क्यांच्या माणसाचं भरून कुठून निघणार, १०० च्या वर तर जाता येत नाही. सहामाहीचे कामाचे दिवस साधारण १५० धरा, १८ गेले की राहिले ८८ टक्के. १२ टक्क्यांचा फरक कुठल्याच धोरणात बसत नाही.

काढायची रक्कम: १८,००० × १८ ÷ २४ = १३,५००. पीएफचे १,८०० पैकी १,३५०. ईएसआय लागू असेल तर ३.२५ टक्क्यांनी ५८५, त्यातले ४३८.७५. एकूण १५,२८८.७५. जेव्ही (जर्नल व्हाउचर) मारा, कॉलेजच्या पगारखात्याला नावे, प्रकल्पाला जमा. पुढच्या इन्व्हॉइसात तेवढी वजा ओळ दाखवा आणि डॉलर त्याच दरानं करा ज्या दरानं फेब्रुवारीचे केले होते, नाहीतर दराचा फरक खात्यात लोंबत राहतो. खाली कारण लिहा. 'चूक दुरुस्ती' हे कारण होत नाही. काय झालं, का झालं, कसं कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, अशी चार वाक्यं. चूक कळल्यापासून ९० दिवसांत हे उरकावं असं एनआयएच सांगतं. अनुदानावरून खर्च उतरवायला उशीर झाला तरी उतरवावाच लागतो. उशिरा अनुदानावर खर्च चढवणं मात्र संशयाचं, विशेषतः दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे संपलेत म्हणून चढवलेला. तो चालतच नाही.

मग त्याचा रिपोर्ट ८८ नं करून सही घ्या. १०० वर सही झालेला कागद आधीच असेल तर फाडू नका. सुधारित असा शेरा मारून नवा कागद करा, दोन्ही एकत्र लावा.

चिकोडीकर
बरं झालं विचारलंत. आमच्याकडंही दोन फायली आहेत असल्या, उघडाव्या लागतील. एक शंका: हे सगळे पगार एफसीआरएच्या (परदेशी निधीच्या कायद्याच्या) रिटर्नमध्ये प्रशासकीय खर्चात जातात का? तिथं २० टक्क्यांची मर्यादा आहे.

संशोधन_डेस्क
मर्यादा २०२० च्या दुरुस्तीनं ५० वरून २० वर आली, बरोबर. पण मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेत फिल्डची माहिती गोळा करणाऱ्या किंवा तिचं विश्लेषण करणाऱ्या माणसांचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, एफसीआरएच्या नियमांत तसं आहे. तुमची संस्था 'मुख्यतः संशोधन' मध्ये बसते का, हे सीएंना विचारा. बसत असेल तर फिल्ड_रजिस्टर यांचा तो एक पानी तक्ता इथंही कामाला येतो: कोण फिल्डवर होतं आणि कोण ऑफिसात बिलं लावत होतं, हे त्यावरूनच वेगळं निघतं. को-ऑर्डिनेटरचा पगार दोन्हीत विभागायचा तर आधार तोच.

अजून एक. मे २०२५ मध्ये एनआयएचनं परदेशी सबअवॉर्डची चालत आलेली पद्धत बदलायचं जाहीर केलंय. जुन्या करारातल्या कलमांवर विसंबून पुढच्या वर्षाची पगारवाटणी ठरवू नका, प्राइमकडून लेखी घ्या.

खानापूर_लेखा
शेवटचं. मूळ कागद किती वर्षं ठेवायचे? आणि स्कॅन करून मूळ टाकून दिले तर?

हिशेबी_टिळकवाडी
तीन वर्षं, पण सुरक्षित राहायचं तर मोजायला सुरुवात प्राइमनं शेवटचा आर्थिक अहवाल सादर केला त्या तारखेपासून धरा. तुमचं शेवटचं इन्व्हॉइस गेलं त्या दिवसापासून मोजलंत तर लवकर फेकायचा धोका. ऑडिट किंवा वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत. स्कॅन चालतात, वाचता आले पाहिजेत, नंतर बदलता येऊ नयेत आणि अधूनमधून उघडून तपासलेले असावेत. पेन्सिलीनं भरलेले तक्ते स्कॅनमध्ये उमटत नाहीत, ते मूळच ठेवा. तारीख प्राइमला मेल करून विचारा आणि उत्तर आलं की खोक्यावर मार्करनं लिहून टाका. आतल्या फायलीत लिहिली तर खोकं हलवणाऱ्याला ती दिसत नाही.